टेकायला जागा

दिवाळीला आठवडा उरला होता. करोनाची दोन वर्षं घरात काढून झाल्यावर 2022 च्या त्या ऑक्टोबरात अख्खं पुणं लक्ष्मी रस्त्यावर लोटलं होतं. आई तेव्हा 79 वर्षांची. गुडघे बोलायला लागलेले, तरी पणत्या तुळशीबागेत जाऊन, हातात घेऊन, टिचकी मारून बघूनच घ्यायच्या हा नेम मोडायला ती तयार नव्हती. पणत्या झाल्या, उटणं झालं, कामाच्या मावशींसाठी साडी झाली. गर्दीतून वाट काढत निघालो आणि मध्येच तिनं माझा दंड घट्ट धरला. "थांब गं. मला पाच मिनिटं टेकू दे." मी आजूबाजूला पाहिलं. एका हाताला दुकानांची रांग. पायऱ्या होत्या, पण त्यांच्यावर साड्या नेसवलेले पुतळे आणि सेलची टेबलं. दुसऱ्या हाताला, फुटपाथच्या कडेला, हँडलला हँडल लावून दुचाक्यांची सलग भिंत. हवेत उदबत्तीचा, नव्या कापडाचा आणि तापलेल्या सायलेन्सरचा वास एकत्र मिसळलेला. शेवटी आई एका स्कूटरच्या सीटवर कडेनं टेकली, पिशवी पोटाशी धरून, डोळे मिटून. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. दोनएक मिनिटं गेली असतील. हेल्मेट हातात घेऊन एक मुलगा आला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आजी, जरा उठता का? गाडी काढायचीय." आई धडपडत उठली. "सॉरी हं बाळा," म्हणाली. त्यानं गाडी काढली, आणि ती जागा पुरती मोकळी व्हायच्या आत इंडिकेटर लावून थांबलेली दुसरी गाडी तिथे शिरली.

आईनं माफी का मागितली, हे मला त्या रात्री झोप येईपर्यंत छळत राहिलं.

मुलाची काही चूक नव्हती. गाडी त्याची होती, तो अदबीनं बोलला. आईचीही नव्हती. पण त्या रस्त्यावर स्कूटरला उभं राहायचा हक्क होता, आणि तिच्या आडोशानं माझी आई दोन मिनिटं उसनी बसली होती, म्हणून तिला माफी मागावीशी वाटली. तिथे त्या क्षणी असलेल्या सगळ्यांना ते बरोबरच वाटलं. मलाही. मीही "हो हो, सॉरी" असंच काहीतरी पुटपुटले होते.

टेकणं हा शब्द मला तेव्हापासून चिकटला. बसणं वेगळं आणि टेकणं वेगळं. बसायला निवांतपणा लागतो, गप्पा लागतात, चहा लागतो. टेकणं हे पुन्हा उठण्यासाठीच असतं. गावाकडे उन्हातून आलेल्या माणसाला "टेका जरा" म्हणतात, तेव्हा त्याला पुढे जायचंय हे गृहीत असतं. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याला रस्त्याच्या बाजूनं ओटा होता, शहाबादी फरशीचा, दुपारनंतर सावलीत गार पडणारा. डोक्यावरची पाटी उतरवून भाजीवाली तिथे टेकायची. पोस्टमन टेकायचा. शाळेतून घरी जाणारी, आमच्या ओळखीचीही नसलेली पोरं बुटात गेलेला खडा काढायला टेकायची. कुणी कुणाला विचारत नव्हतं. ओटा वाड्याच्या मालकाचा होता आणि तरीही तो रस्त्याचा होता. पुढे वाडा पडला, तिथे इमारत उभी राहिली आणि ओट्याच्या जागी पार्किंग आलं. खांबांवर उभ्या इमारतीच्या पोटात गाड्या, समोर लोखंडी फाटक आणि फाटकासमोर वाहनं लावू नयेत अशी पाटी. आमच्या गल्लीत एकामागून एक सगळे ओटे असेच गेले. तेव्हा आम्हाला नव्या घरातल्या स्वतंत्र संडासाचा आणि चोवीस तास पाण्याचा आनंद इतका होता की ओटा गेला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला स्वतःला ते लक्षात यायला पंचवीस वर्षं लागली.

वाड्यात आमची एक खोली होती, दहा बाय बाराची. आई, बाबा, आजी आणि आम्ही दोघी बहिणी. एक मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. मध्ये एकदा मी त्याचा हिशेब केला. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे जवळपास 135 चौरस फूट. आमची खोली 120 चौरस फुटांची होती. पाच माणसांनी जिथे स्वयंपाक केला, अभ्यास केला, आजारपणं काढली, त्यापेक्षा मोठी जागा आज माझी मोटार रस्त्याच्या कडेला अडवते आणि त्याचे मी बहुतेक ठिकाणी एक रुपयाही देत नाही.

बाबांची सायकल होती. खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत ते कामाला होते, आणि तिथल्या बहुतेकांसारखे सायकलवरूनच जायचे. काळी, उंच, बावीस इंची, मागे कॅरिअर, पुढे डबा अडकवायला हुक. भोंगा झाल्यावर फाटकातून बाहेर पडणारा सायकलींचा तो लोंढा मी लहानपणी दोन-तीनदाच पाहिलाय, पण त्याचा आवाज अजून कानात आहे. घंट्यांपेक्षा साखळ्यांचा आवाज जास्त. घरी आले की बाबा सायकल बोळात भिंतीला टेकवायचे. हेही मला आत्ता, लिहिताना जाणवतंय: आपण सायकल लावतो म्हणत नव्हतो, टेकवतो म्हणायचो. भिंत, झाड, विजेचा खांब, काहीही चालायचं. सिनेमाला गेलं तर सायकल स्टँडवरचा माणूस पत्र्याचा नंबर हँडलला अडकवायचा आणि त्याचा जोडीदार आपल्या हातात द्यायचा. तो पत्रा खिशात सांभाळायचं काम माझं असे. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते दिवस. 2018 मध्ये पेपरात आलं की शहरातल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपुढे गेली: 36 लाखांवर वाहनं आणि माणसं 35 लाख. बाबा तेव्हा नव्हते. असते तर त्यांनी तो पेपर बाजूला ठेवून चष्मा पुसला असता, एवढं मला खात्रीनं सांगता येतं.

त्याच सुमारास, म्हणजे 2017 च्या डिसेंबरात, विद्यापीठात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकली आल्या. मग बघता बघता सगळ्या शहरात पिवळ्या, नारिंगी सायकली दिसू लागल्या. फोनवरून कुलूप उघडायचं, चालवायची, कुठेही ठेवून द्यायची. मला फार आनंद झाला होता. पन्नाशीत पुन्हा सायकलवर बसले, पहिल्या वळणाला पोटात गोळा आला आणि दुसऱ्या वळणाला बारा वर्षांची झाले. पण "कुठेही ठेवून द्यायची" यातच सगळं होतं. तिला ठेवायला म्हणून जागाच केलेली नव्हती. फुटपाथवर ठेवली तर चालणाऱ्यांना अडचण, रस्त्यावर ठेवली तर गाडीवाले उचलून बाजूला फेकायचे. दीड-दोन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. कारणं बरीच असतील, पण कर्वे रस्त्याला एका झाडाखाली कित्येक महिने पडून असलेली, सीट उखडलेली ती पिवळी सायकल मी विसरलेले नाही. आजही पुण्यात सायकलवर कामाला जाणारी माणसं आहेत. वॉचमन आहेत, पेपर टाकणारी मुलं आहेत, हॉटेलात भांडी घासायला जाणारे आहेत. आमच्या भागात एक काका साखळीनं सायकल विजेच्या खांबाला बांधतात. संध्याकाळी येऊन बघतात तर तिच्यावर दोन मोटरसायकली रेललेल्या असतात. ते त्या एकेक करून सरळ करतात, मग आपली ओढून काढतात, वाकलेलं मडगार्ड पायानं सरळ करतात आणि जातात. एका मोटारीच्या जागेत दहा-बारा सायकली सहज मावतात. त्या काकांना त्यातली एक पुरेल.

त्या दिवाळीच्या संध्याकाळी आम्ही शेवटी मामाच्या दुकानात पोचलो. आई टेकली होती तिथून ते जेमतेम दोनशे पावलांवर होतं, पण तिला तेवढीही झेपत नव्हती. मामाचं साड्यांचं दुकान जुन्या पद्धतीचं आहे. पांढऱ्या खोळीची गादी, लोड, समोर घड्या उलगडणारा माणूस. मामा आता 84 वर्षांचा, तरी दिवाळीत गल्ल्यावर येऊन बसतोच. आई गादीवर टेकली, मुलानं पाणी आणलं, आणि मी झाला प्रकार सांगितला. मामाला वाईट वाटलं. म्हणाला, "फोन करायचास, पोराला पाठवला असता." मी म्हटलं, "मामा, ज्यांचा मामा नाही त्यांनी काय करायचं?" मग बोलणं दुकानासमोरच्या गाड्यांवर आलं. इथल्या गाड्या हलवून बाकं ठेवावीत, सायकलींना कडी लावावीत, असं काही निघालं की मामेभावाचा जीव वरखाली होतो. "ताई, गिऱ्हाईक गाडीवर येतं. गाडी लावायला मिळाली नाही तर ते सरळ मॉलमध्ये जाईल. आधीच ऑनलाइननं अर्धा धंदा खाल्लाय." त्याची भीती मला खोटी वाटत नाही. तीन पिढ्यांचं दुकान आहे, सहा माणसांचे पगार आहेत. 2018 मध्ये पालिकेच्या मुख्य सभेत पार्किंगला पैसे घेण्याचं धोरण आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. शेवटी ते पाच रस्त्यांवर प्रयोग म्हणून करायचं ठरलं, आणि आमच्यासारख्यांच्या रोजच्या गाडी लावण्यात काडीचाही फरक पडला नाही.

मग मामा बोलला. गल्ल्यावरूनच, कुणाकडे न बघता. "समोरच्या गाड्यांत निम्म्या आपल्याच माणसांच्या आहेत की रे. सकाळी दहाला लागतात, रात्री नऊला निघतात. गिऱ्हाईक त्याच्यापुढे लावतं, तिसऱ्या गल्लीत." आणि थोड्या वेळानं, आईकडे बघत, "आमचे अण्णा म्हणायचे, उभं गिऱ्हाईक भाव विचारतं, बसलेलं गिऱ्हाईक साडी बघतं. म्हणून तर ही गादी." मामेभाऊ काही बोलला नाही. आई तोवर एक हिरवी इरकल उलगडायला सांगून तिचा पोत बोटांनी बघत होती. घ्यायची नव्हती तिला. पण तिनं घेतली.

मी त्या गादीकडे बघत बसले होते. दुकानाच्या आत जे तीन पिढ्यांना ठाऊक होतं, ते उंबऱ्याबाहेर चार फुटांवर लागू होत नव्हतं.

माझी भाची सॅन फ्रान्सिस्कोला असते. तिला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा तिनं दुसऱ्या दिवशी एक फोटो पाठवला. तिच्या घराजवळच्या रस्त्यावर, फुटपाथला लागून, दोन गाड्यांच्या जागेत लाकडी फळ्यांचा चौथरा, त्याला बाकं, कडेला कुंड्या, आणि पलीकडे सायकली अडकवायची लोखंडी कडी. तिनं सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. 2005 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या 'रीबार' नावाच्या गटातल्या काही तरुणांनी रस्त्याकडेच्या एका पार्किंगच्या मीटरमध्ये दोन तासांचे पैसे भरले आणि तिथे गाडी न लावता हिरवळीचा तुकडा अंथरला, एक बाक ठेवलं, कुंडीतलं एक झाड ठेवलं. लोक येऊन बसले. दोन तास संपल्यावर सगळं गुंडाळून ते निघून गेले. पुढे त्याचा दरवर्षी सप्टेंबरात साजरा होणारा दिवस झाला, आणि 2010 पासून त्या शहरानं अशा जागा दीर्घकाळ ठेवायला परवानगी दिली. मी आईला फोटो दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितला. "हा तर पार आहे," म्हणाली. "झाड तेवढं लहान आहे."

झाड मोठं हवं असेल तर जंगली महाराज रस्त्यावर जावं. 2016 मध्ये पुण्यानं रस्ते कसे आखावेत याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवली आणि त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत जंगली महाराज रस्त्याचं रूप बदललं. फुटपाथ रुंद झाले, जुन्या झाडांभोवती बसायला जागा झाल्या, मुलांसाठी खेळणी आली, सायकलींचा पट्टा आला. काम चालू होतं तेव्हा मी चिडलेल्यांतली एक होते, हे इथे लिहिलंच पाहिजे. धूळ, खोदकाम, आणि वर गाड्यांची जागा कमी होणार म्हणून. नेहमीची औषधं जिथे मिळायची त्या दुकानासमोर गाडी लावता येईना म्हणून मी ते दुकान सोडलं. आता त्याच रस्त्यावर बालगंधर्वचा प्रयोग संपल्यावर मी आणि नवरा झाडाखाली टेकतो. दगड दिवसभराच्या उन्हानं रात्री नऊलाही उबदार असतो. शेजारी कॉलेजची मुलं वड्याचा कागद मध्ये ठेवून बसलेली असतात, फुगेवाला आपल्या काठीला टेकून हिशेब करतो, कुणी आजोबा नातवाला झोका देत असतात. सगळं गोड आहे असं नाही. सिग्नल लागला की मोटरसायकली फुटपाथवर चढतात. सायकलच्या पट्ट्यावर सायकल सोडून सगळं दिसतं. संध्याकाळी टेकलेल्या बाईला उठून जायला स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे, हा प्रश्न तर कुठल्याही नकाशात नसतोच. तरी तिथे आईला घेऊन गेले तेव्हा ती कुणाची माफी न मागता वीस मिनिटं बसली.

आणि आईला तिथे मी मोटारीनंच नेलं होतं. गाडी लावायला चार चकरा मारल्या, प्रत्येक चकरेला मनात चरफडले. हे दोन्ही माझंच आहे. गाड्यांच्या जागा काढल्या तर जिला टेकायला हवं तिला तिथपर्यंत पोचवायचं कसं, याचं पुरतं उत्तर मला सापडलेलं नाही. बाकाच्या जवळ रिक्षा थांबू शकली पाहिजे, बसची पायरी तिच्या गुडघ्याला झेपली पाहिजे, नाहीतर ते बाक माझ्यासारख्या धडधाकट बायकांसाठीच राहील. "बाकं ठेवली की नको ती माणसं येऊन झोपतात" असंही आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकानं ऐकवलं. थांब्यांवर हल्ली बसायला फळीऐवजी तिरके पाइप लावतात ते बहुधा याच धास्तीनं. त्यावर आई घसरते. झोपणाऱ्या माणसाला झोपायला जागा नाही, हे त्याला रस्त्यावरून हाकलून मिटणार नाही, असं मी त्या मीटिंगमध्ये म्हणाले. आवाज कापत होता माझा. कुणी पुढे बोललं नाही आणि विषय पाण्याच्या टाकीकडे वळला.

त्या दिवाळीच्याच वर्षी, डिसेंबरच्या 11 तारखेला आईला पुन्हा लक्ष्मी रस्त्यावर नेलं. 2021 पासून त्या तारखेला पुण्यात पादचारी दिन असतो, नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा रस्ता वाहनांना बंद. रविवार होता. रिक्षातून उतरल्यावर आई काही क्षण तिथेच थांबली. मला वाटलं पाय दुखतायत. ती ऐकत होती. लक्ष्मी रस्त्यावर माणसांची कुजबुज ऐकू येत होती, चपलांचे आवाज येत होते, कुठूनतरी पेटी वाजत होती. ज्या दुचाक्यांच्या भिंतीला आम्ही खेटून चाललो होतो तिथे जमिनीवर रांगोळी होती आणि पुढे खुर्च्या मांडलेल्या. आईनं एक खुर्ची निवडली. रस्त्याच्या मधोमध नाही, मुद्दाम कडेला, फुटपाथला लागून. मला वाटतं ती तीच जागा होती, तिनं मात्र तसं काही म्हटलं नाही. बसली. पदर सारखा केला. एक मुलगी सायकलवरून गोल गोल फेऱ्या घालत होती, पायडलवरून पाय काढून. मामेभाऊ दुकानातून बाहेर आला, हात मागे बांधून जरा वेळ रस्ता न्याहाळत उभा राहिला. नंतर आत जाऊन आईसाठी चहा घेऊन आला आणि शेजारच्या खुर्चीवर स्वतःही बसला. "या रस्त्यावर बसलोय असा पहिल्यांदाच," म्हणाला. चाळीस वर्षं रोज येतोय तो तिथे. मी दोनदा विचारलं, आई निघायचं का. दोन्ही वेळा ती म्हणाली, "टेकू दे गं अजून."

दुसऱ्या दिवशी कामासाठी त्याच रस्त्यानं गेले. हँडलला हँडल लागलेली भिंत जागच्या जागी होती. कुणाच्या तरी स्टँडखाली रांगोळीचा पिवळा रंग थोडा उरला होता.

आमच्या घरासमोरच्या गल्लीत पी-1, पी-2 च्या पाट्या आहेत. सम तारखेला गाड्या या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला. आईचा सकाळचा कॅलेंडर बघण्याचा वेळ आणि वॉचमनची शिट्टी यांची सांगड कित्येक वर्षांची. आज सम का विषम, हे ती खिडकीतून गाड्या बघून सांगते. संक्रांत जवळ आली, हळदीकुंकवाचं वाण आणायचं होतं. मी म्हटलं, चल, तुळशीबागेत जाऊन येऊ. ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली, चष्मा वर करून बोटानं रकाना शोधू लागली.

"आज अकरा आहे का गं?"